इंग्रजीत प्रश्न कसा विचारावा, नाही कसे म्हणावे

बी.कॉम. होऊन वर्ष उलटले होते. एका कार्यालयात कारकुनाची जागा निघाली, लेखी परीक्षेत माझे नाव लागले आणि मुलाखतीचे पत्र आले. आईने उसने पैसे करून शर्ट शिवून दिला. शेजारच्या काकांनी एस.टी.चे भाडे दिले. हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत सगळी मूळ कागदपत्रे : गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, टंकलेखनाचे प्रमाणपत्र. काही म्हणता काही राहिले नव्हते.

मधल्या खुर्चीवरच्या साहेबांनी विचारले, ‘हॅवन्ट यू ब्रॉट द ओरिजिनल्स?’

प्रश्न मला नीट समजला होता. मूळ प्रती आणल्या नाहीत का? मी मनात म्हटले, नाही साहेब, तसे नाही, आणल्या आहेत की! आणि तोंडाने म्हटले, ‘नो सर.’

साहेबांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिले. आणखी एक-दोन प्रश्न झाले आणि ‘यू मे गो’ म्हणाले. पिशवी तशीच बंद राहिली. बाहेर बाकावर बसलेल्या एका उमेदवाराला हकीकत सांगितली, तेव्हा तो कपाळाला हात लावून म्हणाला, ‘अरे, तू तर नाही आणल्या असे सांगून आलास!’ त्या एका शब्दाने माझी नोकरी गेली असे मी म्हणणार नाही. माझे गुणही कमी पडले असतील. पण त्या दिवशी परतीच्या एस.टी.त पिशवी मांडीवर घेऊन बसलो, ते बसणे अजून विसरलो नाही.

पुढे दुसरीकडे नोकरी लागली. आज मी कारंज्यात कारकुनी करतो आणि संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात मुलांचा इंग्रजीचा वर्ग घेतो. मी काही इंग्रजीचा प्राध्यापक नाही. ज्या खड्ड्यात मी पडलो तो कुठे आहे एवढे मला माहीत आहे, आणि तेवढेच आज या पानावर सांगणार आहे.

आधी त्या ‘नो सर’चे पाहू. मराठीत आपण ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणतो ते समोरच्याच्या बोलण्याला. ‘तू जेवला नाहीस का?’ असे आईने विचारले, तर ‘हो, नाही जेवलो’ असे आपण म्हणतो. आणि जेवलो असलो तर ‘नाही, जेवलो ना!’ असेही म्हणतो. आईला दोन्ही कळते. इंग्रजीत ‘येस’ आणि ‘नो’ हे समोरच्याच्या बोलण्याला नसतात, घडलेल्या गोष्टीला असतात. गोष्ट घडली असेल तर ‘येस’, घडली नसेल तर ‘नो’, मग विचारणारा कसाही विचारो. प्रश्नातला ‘नॉट’ ऐकूच आला नाही असे धरायचे. ‘हॅवन्ट यू ब्रॉट’ आणि ‘हॅव यू ब्रॉट’ या दोहोंना उत्तर एकच : ‘येस, आय हॅव.’ ‘येस’च्या पाठोपाठ कधी ‘नॉट’ येत नाही आणि ‘नो’च्या पाठोपाठ ‘नॉट’ आल्याशिवाय राहत नाही. मुलाखतीला जाणाऱ्या पोरापोरींनी हे एवढे तरी पाठ करून जावे.

आता वर्गाकडे येतो. माझ्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून होते. तेव्हा आमचा तालुका अकोला जिल्ह्यात होता. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. म्हणजे आताच्या मुलांना आमच्यापेक्षा चार वर्षे जास्त मिळतात. तरीही वहीत चुका पाहतो त्या त्याच, माझ्याच वहीतून उतरवून घेतल्यासारख्या. ‘व्हेअर यू लिव्ह?’ ‘ही नॉट कम.’ ‘डज ही गोज?’ ‘डिड यू वेन्ट?’ आई-बापांना वाटते की लेकरू अभ्यास करत नाही. पण लेकरू मंद नसते. ते मराठीच्या हिशेबाने अगदी बरोबर चाललेले असते. ‘तू कुठे राहतोस?’ या तीन शब्दांना ‘व्हेअर यू लिव्ह’ हे तीन शब्द त्याने ठेवले. त्याचा हिशेब चुकला नाही, इंग्रजीला तिथे चौथा माणूस लागतो हे त्याला कोणी सांगितले नाही.

तो चौथा माणूस म्हणजे साहाय्यक क्रियापद. आपण त्याला मदतनीस म्हणू.

इंग्रजीत काही वाक्ये अशी असतात की त्यांच्या घरात मदतनीस आधीच राहतो. ‘ही इज अ टीचर’ यात ‘इज’ आहे. ‘शी कॅन स्विम’ यात ‘कॅन’ आहे. ‘दे हॅव गॉन’ यात ‘हॅव’ आहे. अॅम, इज, आर, वॉज, वेअर; हॅव, हॅज, हॅड; विल, शॅल, कॅन, मे, मस्ट आणि त्यांचे भाऊबंद हे सगळे असे घरचे मदतनीस. (‘इज’ इथे खरे तर मालकच आहे, पण मालक असूनही तो मदतनिसाचे काम करतो.) अशा वाक्याचा प्रश्न करणे सोपे. मदतनिसाला कर्त्याच्या पुढे आणून उभे करायचे : ‘इज ही अ टीचर?’ ‘कॅन शी स्विम?’ ‘हॅव दे गॉन?’ नकार त्याहून सोपा. मदतनिसाच्या पाठीला ‘नॉट’ लावायचा : ‘शी कॅन नॉट स्विम.’ घरात दोन-तीन मदतनीस असले तर पुढे येतो तो फक्त पहिला. ‘ही हॅज बीन वर्किंग’चे ‘हॅज ही बीन वर्किंग?’ होते. दोघेही पुढे आले तर गोंधळ.

अडचण पुढे आहे. ‘ही गोज टु स्कूल’ या घरात मदतनीसच नाही. कर्ता आहे, क्रियापद आहे, शाळा आहे. प्रश्न विचारायचा तर पुढे कोणाला आणायचे? एके काळी इंग्रज लोक सरळ क्रियापदालाच पुढे आणत. शेक्सपिअरच्या काळात, म्हणजे १६०० च्या आगेमागे, ‘नो यू हिम?’ असे विचारणे आणि ‘आय नो नॉट’ असे म्हणणे चालत होते. ‘डू’ लावून बोलण्याची रीतही तेव्हा जोडीला होती. पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत ‘डू’ची रीत पक्की झाली आणि जुनी मागे पडली. तिचे काही तुकडे तेवढे उरले. त्यामुळे एखादा मुलगा ‘आय नो नॉट’ लिहितो तेव्हा मी त्याला म्हणतो, बाबा, तू चुकला नाहीस, तुला चारशे वर्षे उशीर झाला.

तर घरात मदतनीस नसेल तेव्हा इंग्रजी रोजंदारीवर माणूस लावते. त्याचे नाव ‘डू’. हा कायम नोकरीतला नाही. प्रश्न विचारायचा आहे किंवा नकार द्यायचा आहे, एवढ्या कामापुरताच तो येतो. काम संपले की वाक्यातून निघून जातो आणि हजेरीपटावर त्याचे नावही उरत नाही. ‘दे लिव्ह इन कारंजा’ यात तो नाही. ‘डू दे लिव्ह इन कारंजा?’ यात आला. ‘दे डू नॉट लिव्ह इन कारंजा’ यातही आला. आपल्या घरांत रोजंदारी म्हणजे काय हे लेकरांना शिकवावे लागत नाही, म्हणून ही गोष्ट त्यांना लगेच पटते.

पण हा रोजंदार आला की एक काम हमखास करतो. मुख्य क्रियापदाच्या डोक्यावरचे ओझे उतरवून स्वतःच्या डोक्यावर घेतो. ‘ही गोज’ यात ‘गो’च्या डोक्यावर ‘एस’चे ओझे आहे. ‘डू’ आला, ते ओझे त्याने घेतले, तो झाला ‘डज’, आणि ‘गो’ मोकळा झाला : ‘डज ही गो?’ ‘ही वेन्ट’ यात भूतकाळाचे ओझे आहे. ‘डू’ ने ते घेतले, तो झाला ‘डिड’, आणि ‘वेन्ट’ पुन्हा ‘गो’ झाला : ‘डिड ही गो?’ ओझे एक आणि डोके एक. ‘डज ही गोज’ म्हणजे एकच पोते दोघांच्या डोक्यावर.

हे सांगूनही मुले चुकत. मीही कधी कधी घाईत चुकतो. मग एके दिवशी फळ्यावर इंग्रजी पुसून मराठी लिहिले.

तू जातोस – तू जात नाहीस.
तो जातो – तो जात नाही.
ते जातात – ते जात नाहीत.

मुलांना विचारले, ‘जातोस’ मधला ‘स’ कुठे गेला? सगळी फळ्याकडे पाहू लागली. ‘स’ उडी मारून ‘नाही’वर जाऊन बसला आहे. ‘जातात’ मधला ‘त’सुद्धा तसाच ‘नाहीत’ मध्ये गेला. मागे उरले नुसते ‘जात’, त्याच्यावर काही ओझे नाही. ही तर ‘डज नॉट गो’चीच रीत! आपण जन्मल्यापासून ती पाळतो, पण कधी पाहिली नव्हती. आठवीतली एक मुलगी एकदम ओरडली, ‘सर, मंग डजन्ट गोज म्हणजे जातोस नाहीस!’ वर्ग हसून लोटपोट झाला. तेव्हापासून कोणी चुकला की बाकीची मुले एका सुरात म्हणतात, ‘जातोस नाहीस!’ मला काही बोलावे लागत नाही.

भूतकाळात मात्र मराठी आपल्याला दगा देते, हेही सांगितले पाहिजे. ‘तो गेला’चा नकार ‘तो गेला नाही’ असा होतो. ‘गेला’ तसाच राहतो, त्याचे ओझे उतरत नाही. म्हणून ‘डजन्ट गोज’ची सवय सुटली तरी ‘डिडन्ट वेन्ट’ची लवकर सुटत नाही. माझ्या वर्गातली हुशार मुलेही इथे अडतात, आणि त्याचे कारण त्यांची मायबोली आहे, आळस नाही. इथे ‘जात नाही’ची रीत चालवायची, ‘गेला नाही’ची नाही.

‘हॅव’ आणि ‘डू’ हे दोन शब्द घोटाळ्याचे, कारण ते कधी मदतनीस असतात तर कधी मालक. ‘ही हॅज अ सायकल’ म्हणजे त्याच्याकडे सायकल आहे. इथे ‘हॅज’ मालक आहे. जुनी पुस्तके अशा वेळी ‘हॅज ही अ सायकल?’ असा प्रश्न करत. आता सर्रास ‘डज ही हॅव अ सायकल?’ म्हणतात. आणि ‘व्हॉट डू यू डू?’ हे ऐकून तर नवी मुले हसतात. पहिला ‘डू’ रोजंदार, दुसरा मालक. तुम्ही काय काम करता, एवढाच अर्थ. मुलाखतीत आणि बँकेत बापाचा व्यवसाय विचारतात तो असाच : ‘व्हॉट डज युअर फादर डू?’

आता कुठे, केव्हा, काय, काहून. आपल्याकडे हे शब्द वाक्याच्या पोटात राहतात : ‘तू काल काहून आला नाही?’ इंग्रजीत ते सर्वांत पुढे जातात, त्यांच्या मागे मदतनीस, मग कर्ता, मग मोकळे क्रियापद : ‘व्हाय डिडन्ट यू कम यस्टरडे?’ फक्त ‘कोण’ स्वतःच कर्ता असेल तर रोजंदार लागत नाही, कारण ओलांडून पुढे जायला कोणी उरतच नाही. ‘हू मेट यू?’ म्हणजे तुला कोण भेटले. ‘हू डिड यू मीट?’ म्हणजे तू कोणाला भेटलास. मराठीत हा फरक ‘ला’ करतो, इंग्रजीत ‘डिड’ करतो.

याच्यापुढची पायरी मला कोणत्या गाइडाने शिकवली नाही. ती समाजमंदिरातल्या कपाटाने शिकवली. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेले बाबासाहेबांचे इंग्रजी खंड तिथे आहेत. मुलांना पूर्ण पुस्तक वाचणे जड जाते, पण नावे तर वाचता येतात. सातव्या खंडात १९४६ चे पुस्तक आहे, ‘हू वेअर द शूद्राज?’ हा सरळ प्रश्न. मदतनीस ‘वेअर’ कर्त्याच्या पुढे आला आहे. नवव्या खंडात १९४५ चे पुस्तक आहे, ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टु दि अनटचेबल्स’. एका मुलाने विचारले, सर, ‘व्हॉट’ पुढे आहे, मग ‘हॅव’ मागे काहून? प्रश्न चांगला होता. मी दोन दिवस घेतले. उत्तर असे की हा प्रश्नच नाही. काँग्रेसने आणि गांधींनी अस्पृश्यांचे काय केले *ते* सांगणारे हे पुस्तक आहे. आपण मराठीत ‘ते’ जोडतो, इंग्रजी मदतनिसाला त्याच्या जागेवर परत पाठवते. १९४८ च्या पुस्तकाच्या नावात तर दोन्ही रीती शेजारी शेजारी आहेत : ‘दि अनटचेबल्स : हू वेअर दे अँड व्हाय दे बिकेम अनटचेबल्स’. ‘हू वेअर दे’, ते कोण होते? हा विचारलेला प्रश्न. ‘व्हाय दे बिकेम’, ते अस्पृश्य का झाले ते. इथे ‘डिड’ नाही आणि ‘बिकेम’ने आपले ओझे आपल्याच डोक्यावर ठेवले आहे.

हे रोजच्या कामाचे आहे. मोठ्या शहरात दवाखाना शोधताना ‘व्हेअर इज द हॉस्पिटल?’ बरोबर. पण ‘कॅन यू टेल मी’ने सुरुवात केली तर पुढे ‘व्हेअर द हॉस्पिटल इज’. दवाखाना कुठे आहे *ते* सांगाल का? ‘ते’ ऐकू आला की मदतनीस परत जागेवर.

नकाराच्या आणखी दोन जागा सांगतो, त्या कागदोपत्री नडतात. ‘कोणीच आले नाही’ यात मराठीला ‘कोणीच’ही लागते आणि ‘नाही’ही लागते. पुस्तकी इंग्रजीत एकच नकार पुरतो : ‘नोबडी केम.’ लेखी जबाबात किंवा खुलाशात ‘आय डिड नॉट डू नथिंग’ असे लिहिले तर वाचणारा त्याचा अर्थ काहीतरी केले असा लावू शकतो. ‘आय डिड नॉट डू एनिथिंग’ लिहावे. दुसरी जागा ‘मस्ट नॉट’ आणि ‘नीड नॉट’ची. आमच्या गल्लीतली एक मावशी पत्र घेऊन आली. पोराने तिला वाचून सांगितले होते की कार्यालयात यायला मनाई आहे. पत्रात ‘नीड नॉट’ होते. म्हणजे येण्याची गरज नाही, आलात तरी हरकत नाही. मनाई असती तर ‘मस्ट नॉट’ असते. मावशी दोन रात्री झोपली नव्हती.

मराठीच्या ‘ना?’ला इंग्रजीत दहा रूपे आहेत, ‘इजन्ट ही’, ‘डजन्ट शी’, ‘कान्ट दे’. तेही सगळे मदतनिसांचेच खेळ आहेत. मदतनीस ओळखता आला की ते आपोआप येतात, त्यासाठी वेगळी जागा अडवत नाही.

आई-बाप विचारतात, आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही घरी काय करावे? जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर लेकराला एकेक शब्द लिहायला लावा आणि चिठ्ठ्या कापून घ्या. जमिनीवर वाक्य मांडायचे, मग मदतनिसाची चिठ्ठी उचलून पुढे ठेवायची. ‘गोज’ची चिठ्ठी उलटली की मागे ‘गो’ असावे. हाताने केलेले डोक्यात राहते.

आणि तपासायचे कसे? आमच्या वर्गात सातवीत एक मुलगी आहे. तिची आई सोयाबीन-तुरीच्या रानात मजुरीला जाते. शाळेत गेलेली नाही. तिला मी एवढेच सांगितले की ‘एस’ हे अक्षर सापासारखे असते. ‘डज’च्या शेवटी एक साप असतो, तो दिसला की त्याच ओळीत पुढच्या क्रियापदाला दुसरा साप नको. गेल्या आठवड्यात ती वही घेऊन समाजमंदिरात आली. ओळीवर बोट ठेवून म्हणाली, ‘भाऊ, इथं तं तीन साप हायेत.’

मी पाहिले. ‘डज ही लाइक्स मँगोज?’ लेकीने ‘लाइक्स’ चुकवले होते. तिसरा साप अनेकवचनाचा होता, तो बरोबर होता. मी सांगितले, मधला काढा, शेवटचा राहू द्या, आंबे पुष्कळ आहेत म्हणून तो आहे.

‘मंग कोनता माराचा न् कोनता ठिवाचा, ते कसं वळखाचं?’

तिच्या वाक्यातला ‘ते’ माझ्या ध्यानात आला. मी खडू घेतला, आणि तिला मुलांच्या शेजारी बसायला सांगितले.